‘उंदरांमध्ये’ हा शब्द फलकावर परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
निसर्गविज्ञान व जीवविज्ञान संशोधन संस्था,
मुख्य इमारत, दुसरा मजला.

विषय : ‘ताजे संशोधन’ या फलकावर ‘उंदरांमध्ये’ हा शब्द पूर्ववत छापणे व चौकशी खिडकीवर खरे बोलण्याची परवानगी मिळणे.
संदर्भ : फलकाचे विद्रूपीकरण केल्याबद्दल मला दिलेले आपले ‘कारणे दाखवा’ पत्र.
सोबत : सदर पत्राची प्रत, लाल पेन, नग एक (जमा करण्याच्या आदेशानुसार).

महोदय,

“या उंदरांनी माझा मथळा कुरतडला!” असे प्रसिद्धी अधिकारी चार महिन्यांपूर्वी स्वतःशीच पुटपुटले, ते मी ऐकले. त्यांचे टेबल आणि माझी खिडकी यांच्यामध्ये एक कपाट आहे आणि ते कपाट काही ऐकू येण्याच्या आड येत नाही. ‘उंदरांमध्ये’ या पाच अक्षरांमुळे त्यांचा मथळा दुसऱ्या ओळीत जात होता. त्यांनी पाच अक्षरे उडवली, मथळा एका ओळीत बसला आणि त्या दिवसापासून आपल्या संस्थेत उंदरांचे जे जे भले झाले, ते फलकावर सरसकट मानवजातीचे झाले. विज्ञानाने एका दुपारीत एवढी मोठी झेप घेतल्याचे माझ्या वाचनात नाही. (माझे वाचन म्हणजे आपल्या वाचनालयातून रद्दीत निघालेली बावीस वर्षांची मासिके. चूकभूल द्यावी घ्यावी.)

शास्त्रज्ञांबद्दल माझी काडीची तक्रार नाही. ते बिचारे लेखात सगळे लिहितात : उंदीर किती, आठवडे किती, दगावले किती. फक्त तो लेख तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर येईपर्यंत उंदीर जिन्यातच कुठेतरी उतरून जातात.

याचे परिणाम खिडकीवर बसणाऱ्या व्यक्तीस भोगावे लागतात, हे आपल्या निदर्शनास आणू इच्छिते. ‘टकलावर केस उगवण्यात यश’ हा मथळा लागल्यावर आपले हेडक्लार्क वेगवेगळ्या सबबींनी तीनदा खिडकीशी आले आणि तिन्ही वेळा टोपी काढून उभे राहिले. ‘प्लास्टिक खाणारा जिवाणू सापडला’ या बातमीत त्या जिवाणूने बशीत बसून दोन महिन्यांत नखाएवढा तुकडा संपवला, एवढेच तेवढे छापायचे राहिले. मागच्या गल्लीतल्या एक बाई दोन पोती प्लास्टिक घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “कुठं ओतू? भुकेला असेल ना तो?” ‘झाडांना स्पर्श कळतो’ हे वाचून माळीबुवांनी मला बाजूला घेऊन विचारले, “ताई, कुंपण कापायच्या आधी त्याला सांगायचं का हो?” मी म्हटले, सांगा, त्यात आपले काय जाते. तेव्हापासून ते सांगतात, आणि माणसांशी बोलतात त्यापेक्षा पुष्कळ अदबीने सांगतात.

इथवर मी हसून घेतले. पेन उचलले ते पुढच्या कारणाने. ते सांगण्याआधी एक कबुली देते : ‘कर्मचाऱ्यांच्या मनोबलात लक्षणीय वाढ’ या सूचनेखाली मी लाल शाईने ‘(उंदरांमध्ये)’ लिहिले, ती सवयीने झालेली हाताची चूक. दिलगीर आहे. मात्र ती दुरुस्ती खोडायला कुणीही पुढे आले नाही, याची नोंद व्हावी.

‘हरवलेली स्मृती परत मिळवण्यात यश’ ही बातमी लागली त्याच आठवड्यापासून एक घड्याळजी काका दर मंगळवारी दहाच्या ठोक्याला काकूंना घेऊन येतात. काकूंचे विसरणे दोन वर्षांपूर्वी सुरू झाले. आधी चष्मा, मग गॅस, मग घराचा रस्ता. काकांच्या पिशवीत उकळून वाळवलेली काचेची बाटली असते. ती खिडकीत ठेवून ते विचारतात, “आलं का?” आपल्या परिपत्रकाप्रमाणे मी उत्तर देते, “पुढील टप्पा सुरू आहे.” ते बाटली पुसून परत ठेवतात. असे अकरा मंगळवार झाले. त्यांची मुलगी परगावी असते, ती दर आठवड्याला दोघांना बोलावते. काका तिला सांगतात, औषध इथे मिळणार, मग इथून हलायचं कशाला.

अकराव्या मंगळवारी ते गेल्यावर मी फलकावर तो शब्द लिहिला. आपल्या पत्रात याला ‘विद्रूपीकरण’ म्हटले आहे. माझी अक्षरे पाच, आपली सहा. जागेची उधळपट्टी कुणी केली ते आपणच ठरवावे.

बाराव्या मंगळवारी, म्हणजे काल, काकांनी ते वाचले. मला वाटले, आता समजले. ते म्हणाले, “बरोबरच आहे. आधी उंदरांना देणार, मग माणसांना. रांग असतेच.” आणि बाटली खिडकीत ठेवली.

म्हणून विनंती की, एक, सदर शब्द आपण स्वतः छापावा. मथळा दुसऱ्या ओळीत गेल्याने आजवर कुणी दगावलेले नाही. दोन, खिडकीवर ‘नाही’ म्हणण्याची मला लेखी परवानगी द्यावी. अकरा आठवडे ‘पुढील टप्पा’ म्हणणारी मीच होते, प्रसिद्धी अधिकारी नव्हेत; ते कारण कुणाला दाखवावे हे मला कळत नाही.

काल मी परवानगीवाचून बोलणारच होते. तेवढ्यात प्रसिद्धी अधिकारी फलक उतरवायला आले. काकांकडे पाहून ते म्हणाले, “पुढील टप्पा...” आणि थांबले. माळीबुवा दारात कात्री घेऊन उभे होते. तेव्हा आजवर खिडकीशी एक अक्षर न बोललेल्या काकूंनी काकांच्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “अहो, औषध नाहीये. ह्या बाईंना ठाऊक आहे, त्या साहेबांना ठाऊक आहे, तुम्हालाही ठाऊक आहे. मी आता बरी नाही व्हायची. मला लेकीकडे न्या. अजून ओळखतेय मी तिला, तोवर न्या.”

यापुढे ‘पुढील टप्पा’ म्हणण्यास असमर्थ असलेली,
आपली नम्र,
(सही)
चौकशी सहायक, खिडकी क्र. १

दिनांक : १४, बुधवार