जिन्याखालचं लाल बटण

मंगळवार, १४ जानेवारी

तिसऱ्यांदा आला तो इलेक्ट्रिशियन, आणि पुन्हा तेच, "नथिंग राँग, लव्ह." (इथे विलायतेत कुणालाही 'लव्ह'च म्हणतात.) मग सकाळी हीटर बर्फ का? टाकीतलं पाणी गार का? चांगलं झापलं त्याला. तर म्हणाला, हा हीटर रात्रीच्या स्वस्त विजेवर तापतो नि दिवसभर ऊब देतो, पाण्याचंही तसंच. पण ह्या दोन्हींचं जिन्याखालचं लाल बटण रात्री कोण बंद करतं, असं त्यानंच विचारलं.

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे चहाच्या कपात बघायला लागले.

तो गेल्यावर म्हणतात, "अगं, झोपताना सगळी बटणं बंद करायची, ही बाबांची शिस्त."

बाबांच्या सोलापूरच्या घरात हीटर होता का? आणि मी त्या बिचाऱ्याला उगाच बोलले. साधं बिस्किटही दिलं नाही.

शुक्रवारी सुमन दहा दिवसांच्या बाळाला घेऊन माहेरी येतेय. अशा गारठ्यात लेकराला न्हाऊ कशी घालू?

लाल बटणावर चिकटपट्टी लावली. आत्ताच परत बघून आले, चालू आहे. ह्यांना स्पष्ट विचारलंय, "अहो, शिस्त सोडताय, की लेकीला येऊ नको म्हणून तुम्हीच फोन करताय? गुरुवारी सकाळपर्यंत सांगा."