दुसऱ्या ओळीला कळलेलं

तीर्थरूप दादा,

विद्यापीठात मी सव्वीस वर्षं व्यावसायिक पत्रलेखन शिकवलं. वाईट बातमी कशी कळवावी, हा माझा हातखंडा धडा. आधी आभार, मग कौतुक आणि नकार अगदी शेवटी, हळूच.

कारखान्याचं पत्र घेऊन तू माझ्याकडे आलास. म्हणालास, "बघ गं, किती चांगलं लिहिलंय माझ्याबद्दल! पण मला ठेवलंय की काढलंय, तेवढंच कळेना."

खाली माझ्याच एका विद्यार्थिनीची सही होती. वाक्यंही माझीच, वर्गात लिहून दिलेली. तुला काढलंय, हे मला दुसऱ्याच ओळीला कळलं. तरी मी म्हणाले, "उद्या जाऊन विचार ना."

तू इस्त्रीचा शर्ट घालून गेलास. पहारेकऱ्याने तुला फाटकावरच अडवलं, सगळ्यांदेखत. संध्याकाळी फोनवर मलाच समजावलंस, "तुला तरी कसं कळणार? पत्रच तसं होतं."

परवा तू तुमच्या खात्यातल्या फिटरला त्याचं पत्र घेऊन माझ्याकडे पाठवलंस. मी वाचलं आणि सरळ सांगितलं, "तुम्हाला कामावरून काढलंय." त्याने पत्राची घडी करून खिशात ठेवली. जाताना म्हणाला, "बरं झालं, घरातच कळलं."

दादा, तो गेल्यावर मी रडले.

तुझी,
धाकटी