फुटाण्यांना पाणी

८ नोव्हेंबर १९९८, रविवार

आजपासून रोजनिशी. पुढे कुणी माझं चरित्र लिहायला घेतलं तर अडचण नको.

सकाळच्या एसटीने नगरला मच्छिंद्रकडे गेलो. स्टँडजवळच्या त्याच्या झेरॉक्सच्या दुकानात इंटरनेट आलंय. मोडेम आधी किंचाळतो, मग खाकरतो, मग पुण्याला लागतो. पुण्याहून थेट अमेरिका. तिथे एक कार्यक्रम सापडला. मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या आईबापांसाठी विज्ञान. सगळं हाताने करून बघायचं. आठवड्याला एक प्रयोग. डॉटी मॅडम म्हणून कुणी बाई आहेत, त्या ई-मेलला उत्तरही देतात.

मी श्रीरामपूरला कॉम्प्युटर क्लासमध्ये टायपिंग शिकवतो, म्हणजे शिक्षणक्षेत्रातलाच माणूस. निर्णय झाला. लेकीचं, यशोधराचं नाव चौथीतून काढायचं आणि तिला घरी शिकवायचं. बेलापुरातला पहिला प्रयोग. कदाचित जिल्ह्यातला.

पहिल्या पाठाची प्रिंट काढली. पान वरून खाली हळूहळू उतरतं. शेवटची ओळ यायच्या आत लाइन तुटली. एका ओळीने काय अडतंय.

९ नोव्हेंबर, सोमवार

घरात विरोध. आई म्हणाली, मी शाळंच्या भिताडाबाहेर बसून बाराखडी ऐकलीया, अन् तू आत बसल्याली पोर बाहेर काढतूस व्हय. भावनिक मुद्दा. विज्ञानात भावनेला जागा नाही.

जयमाला काहीच बोलली नाही. म्हणजे बायकोची संमती आहे.

हेडमास्तर सहादेव गुरुजींना अर्ज लिहिला. भाषा कडक ठेवली. 'माझ्या मुलीचे नाव पटावरून कमी करावे. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनापर्यंत ती आपल्या शाळेच्या पुढे गेलेली दिसेल. तसे न झाल्यास प्रार्थनेच्या वेळी सर्व मुलांसमोर उभा राहून मी चुकलो असे कबूल करीन.' खाली ठसठशीत सही. क्लासला उशीर होत होता म्हणून अर्ज जयमालाकडे दिला. शाळेत नेऊन देते म्हणाली.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

गुरुजींचं उत्तर नाही. घाबरले.

१४ नोव्हेंबर, शनिवार

नवीन वेळापत्रक भिंतीवर. मी साडेनऊला श्रीरामपूरला जाणार, सहाला परत. दिवसभर यशूने स्वयंअध्ययन करायचं. सहा ते सात प्रयोग.

पोरगी आज सातच्या आत आंघोळ करून, वेण्या घालून तयार. शाळा नसून! शाळेत असताना शनिवारीच काय ती सकाळची शाळा म्हणून लवकर उठायची. आता कुणी न सांगता उठते, आणि मैत्रिणीकडे अभ्यासाला म्हणून लगेच बाहेरही पडते. स्वयंअध्ययनाची गोडी लागली की असंच होतं.

निळा फ्रॉक मात्र गणवेशाचाच होता. जयमाला म्हणाली, नवा आहे, वापरून फाडू द्या, नाहीतर वाया जाईल. काटकसरी बाई.

१८ नोव्हेंबर, बुधवार

पहिला प्रयोग, ज्वालामुखी. खायचा सोडा आणि व्हिनेगर. व्हिनेगर बेलापुरात नाही. किराणावाला म्हणाला, तसलं औषध मेडिकलात मिळंल. लिंबं घेतली.

यशूला सोडा टाकायचा होता. मी म्हणालो, आधी मोठ्यांनी करून दाखवायचं असतं. मी टाकला. मातीच्या डोंगराने लिंबाचा सगळा रस पिऊन टाकला. बुडबुडे तीन. यशू म्हणते दोन.

मग सुधारणा म्हणून तेच रिकाम्या बाटलीत केलं आणि बूच घट्ट दाबून बसवलं. बुचाने ट्यूबलाइट फोडली. ज्वालामुखीची ताकद सिद्ध झाली. आई म्हणाली, आता अंधारात शिकव.

यशूला नोंदी ठेवायचं काम दिलं. म्हणजे तिचाही सहभाग. जयमालाने घरातले पाठकोरे कागद जमवून तिला दाभणाने वही शिवून दिली. मी आणलेल्या प्रिंटाही काम झालं की त्याच ढिगात जातात. एक बाजू कोरी असलेला कागद आमच्या घरात कधी वाया जात नाही.

२२ नोव्हेंबर, रविवार

नगर. डॉटी मॅडमना अहवाल पाठवला. 'उद्रेक छतापर्यंत पोहोचला' एवढंच लिहिलं. यात एक शब्द खोटा नाही. उत्तर दुपारीच आलं. मॅडम विचारतात, मुलीने स्वतः काय केलं? लिहून टाकलं की तिने वडिलांना मोलाची साथ दिली.

दुसरा पाठ उतरवला. शेवटची ओळ याही वेळी आली नाही. मच्छिंद्र म्हणाला, दुपारी लोकांचे फोन लई असत्यात, लाइन टिकत न्हाई.

१ डिसेंबर, मंगळवार

बी रुजवण्याचा प्रयोग. हरभरे पाहिजेत. घरातला हरभरा आईने दळायला पाठवलेला. रस्त्यात गाडीवर फुटाणे दिसले. फुटाणे म्हणजे हरभरेच की. थोडे खाल्ले, उरलेले काचेच्या बरणीत ओल्या कापसावर मांडले.

यशू काहीतरी सांगायला आली होती. म्हणालो, शंका शेवटी विचारायच्या.

८ डिसेंबर, मंगळवार

फुटाणे मऊ पडले आहेत. प्रगती.

१५ डिसेंबर, मंगळवार

पंधरा दिवस झाले. रोज सकाळी न चुकता पाणी. रोप नाही, वास आहे. यंदा थंडी फार, बी झोपलंय. दरम्यान जयमालाने फडक्यात बांधलेल्या मटकीला एका रात्रीत हे एवढाले मोड आले. पण तो स्वयंपाक. विज्ञान आणि स्वयंपाक यांत गल्लत करणं आपल्या समाजाला कधी सुटणार?

बरणी आईने फेकून दिली. विचारल्यावर म्हणाली, भाजल्याल्याला कोंब फुटंल तवा मला उठवा.

यशूने वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं. वही मागितली तर म्हणाली, अजून पूर्ण नाही झाली, पप्पा.

२० डिसेंबर, रविवार

आज यशूच्या दुसऱ्या एका वहीवर नजर पडली. गणितं. प्रत्येक पानावर लाल शाईने बरोबरच्या खुणा आणि खाली 'छान'. जयमालाला विचारलं. म्हणाली, तिची तीच तपासते. स्वयंमूल्यमापन! हे तर अमेरिकेतही नसेल. डॉटी मॅडमना कळवायला हवं.

अक्षर मात्र मोठ्या माणसासारखं. पोरगी झपाट्याने मोठी होतेय.

३ जानेवारी १९९९, रविवार

संकल्प: १. रागावायचं नाही. २. पाठ पूर्ण वाचल्याशिवाय प्रयोगाला हात घालायचा नाही. ३. एक प्रयोग तरी यशूला करू द्यायचा.

दुपारी चारला प्रयोग. पिशवीतलं आइस्क्रीम. मोठ्या पिशवीत बर्फ आणि मीठ, तिच्यात दुधाची छोटी पिशवी. हे संध्याकाळी कळलं, कारण पाठ नंतर वाचला. दुपारी मीठ दुधात टाकलं होतं. यशू म्हणत होती पप्पा, थांबा. रागावलो.

तिन्ही संकल्प एका दिवसात मोडले. नवीन वर्ष खरं तर गुढीपाडव्याला सुरू होतं. तेव्हापासून.

१४ जानेवारी, गुरुवार

संक्रांत. स्थिर विद्युत. फुगा केसांवर घासून भिंतीला चिकटवायचा. यशूच्या केसांना आईने खोबरेल चोपडलेलं, म्हणून माझ्याच डोक्यावर घासला. दहा मिनिटं. फुगा खाली. शेजारची रतनबाई तिळगूळ द्यायला आली होती. ती म्हणाली, तुमच्या डोक्यावं केस असते तर चिकाटला बी असता. असल्या वातावरणात संशोधन करतोय.

यशूच्या हाताला खडूची पूड होती. विचारल्यावर म्हणाली, फळ्यावर लिहिलं. आपल्या घरी फळा नाही. बहुतेक शेजारी असेल.

७ फेब्रुवारी, रविवार

विज्ञान दिन २८ ला, पण तो रविवार. म्हणून शाळेचं प्रदर्शन २७ ला, शनिवारी. गुरुजींना बाजारात गाठलं. सरळ म्हणालो, यशोधराला बाहेरची स्पर्धक म्हणून परवानगी द्या. गुरुजी चकित होऊन बघत राहिले. म्हणाले, तिला कसली परवानगी लागते?

एवढा मोठा मान! मग विचारलं, माझा एक मोठा प्रयोग मांडू का? म्हणाले, मांडा की, पालकांसाठी एक टेबल ठेवू. अर्जाचा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही. हरणाऱ्याला डिवचू नये.

२१ फेब्रुवारी, रविवार

विषय ठरला. बटाट्याची बॅटरी. एका बटाट्यात तांब्याची तार आणि खिळा खुपसला की किंचित वीज. डॉटी मॅडम चार बटाटे म्हणतात. मी चाळीस घेतले. बल्ब घरातला साठ वॅटचा. शाळा उजळून निघेल.

यशू म्हणाली, पप्पा, एवढ्याने तो बल्ब लागणार नाही. तिचं म्हणणं झटकून टाकलं. अमेरिकेचा पाठ आणि चौथीची पोरगी, ऐकायचं कुणाचं?

खरं सांगायचं तर कालपासून तो प्रार्थनेचा ओटाच डोळ्यांसमोर येतोय.

२७ फेब्रुवारी, शनिवार. सायंकाळी

आज काय झालं ते शांतपणे लिहितो.

सकाळी पोतं घेऊन शाळेत गेलो. टेबलावर चाळीस बटाट्यांची रांग, शेवटी बल्ब. लागला नाही. तारा बदलल्या. लागला नाही. पोरं जमली. एकाने विचारलं, काका, भाजी कवा होनार? यशूला हाक मारली. ती शेजारी नव्हती.

ती समोरच्या ओळीत होती. निळा फ्रॉक, छातीवर बिल्ला, पुढ्यात टेबल. पाटी: 'इयत्ता चौथी. यशोधरा. प्रयोग का फसतात?'

टेबलावर एका वाटीत फुटाणे, एका वाटीत मोडाची मटकी. बाटलीच्या तोंडाला फुगा लावलेला. तिने सोडा टाकला, लिंबू टाकलं, फुगा टम्म फुगला. स्वतःच्या हाताने. चार बटाट्यांवर तिने कॅल्क्युलेटर चालवला. माझाच, क्लासमधला. आणि पाठकोऱ्या कागदांची ती वही. चौदा प्रयोग. प्रत्येकाखाली काय केलं, काय झालं, का फसलं, काय करायला हवं होतं. 'काय केलं' प्रत्येक ठिकाणी 'पप्पांनी' या शब्दाने सुरू होतं.

परीक्षक खूश. पहिला नंबर. गुरुजी वही चाळत होते. एक पान उलटलं, मागची बाजू पाहिली, चष्मा लावला आणि सहज मोठ्याने वाचायला लागले. 'माझ्या मुलीचे नाव पटावरून कमी करावे...'

माझा अर्ज. तीन महिने वहीत शिवलेला. त्याच्या पाठीवर फुटाण्यांचा प्रयोग.

गुरुजींना काही कळेना. ते म्हणाले, अहो, पोरगी तर एक दिवस गैरहजर नाही. जयमालाकडे बघितलं. ती म्हणाली, एक बाजू कोरी होती, वाया कशाला घालवायचा.

ओळीत मागे आई उभी होती, शाळेच्या आत. पदर तोंडाला लावून हसत होती.

फार लाज वाटली. पण फुगा फुगला तेव्हा टाळी पहिली मीच वाजवली होती. ते मात्र कुणी लिहून ठेवलं नाही, म्हणून इथे लिहितो.

२८ फेब्रुवारी, रविवार

नगर. डॉटी मॅडमना खरं काय ते सगळं कळवलं. मग शेवटचा पाठ उतरवला. आज काय झालं कोण जाणे, लाइन तुटली नाही. पान अगदी तळापर्यंत आलं. शेवटची ओळ ठळक अक्षरांत. मच्छिंद्रने जुने पाठ पुन्हा उघडून दाखवले. प्रत्येकाच्या शेवटी तीच.

'पालकांनी कृपया कशालाही हात लावू नये.'

१ मार्च, सोमवार

गुरुजींनी निरोप धाडला होता, जाऊ द्या, अर्ज मला मिळालाच नाही. आई म्हणाली, ल्हिलंस नव्हं? मग जा.

गेलो. प्रार्थना झाली. ओट्यावर उभा राहून सगळ्या शाळेसमोर म्हणालो, मी चुकलो. मोठ्याने म्हणालो. यशू चौथीच्या रांगेत तिसरी होती, मान खाली. मग तिने वर बघितलं, आणि मला एकदम रडू आलं. गुरुजींनी पोरांना टाळ्या वाजवायला सांगितल्या.

निघताना ते म्हणाले की दर शनिवारी या, पोरांना प्रयोग फार आवडतात. प्रमुख पाहुणा म्हणून असणार. तसं पाहता शिक्षणक्षेत्रात माझं स्थान आता पक्कं झालं. पहिल्या शनिवारसाठी रॉकेट डोक्यात आहे.

यशूला सांगितलं. तिने थोडा विचार केला आणि होकार दिला. सामान मी आणायचं आणि हात मागे बांधून बसायचं.