चौथ्या बोअरचं पाणी

लातूर,
१७ ऑगस्ट २००८

प्रिय रामलिंग यास,

मुज्तबाचा सलाम. इकडे आम्ही बरे आहोत. नाझनीनला शाळेत शिक्षिका म्हणून कायम केलं. माझ्या क्लासला जागा पुरेना. सकाळी सहापासून रसायनशास्त्र शिकवून राहिलो. पोरं देगलूर, जळकोटहून येतात.

गेल्या आठवड्यात एक पत्र आलं. भूकंपानंतर ज्यांच्या अनुदानावर आपण पाण्याचा अभ्यास केला, त्याच संस्थेचं. संशोधनातली माहिती सगळ्यांना खुली व्हावी म्हणून काय अटी घालाव्यात, असं जुन्या लोकांना विचारलंय. मी लिहिलं: आकडे आधी त्या गावाच्या चावडीवर लावा, त्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. शोधनिबंध छापणाऱ्याइतकाच मान आकडे उघडे करणाऱ्याला द्या. पुढं 'कारण' असा रकाना होता. तो कोराच ठेवला. कारण तुला लिहितो.

अठ्ठ्याण्णव साली सायकलला बाटल्या बांधून नव्या वसाहतीतल्या अठरा बोअरचं पाणी तूच आणून दिलंस. "आमचं पानी कसं हाय ते सांगशील न्हवं?" तू विचारलंस. मी "हाव" म्हणालो.

महिन्याभरात आकडे आले. फ्लोराइड, म्हणजे हाडं वाकवणारा क्षार, लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर नको. तुझ्या दारातल्या चौथ्या बोअरात चार पॉइंट सहा. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "निबंध छापून येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. दुसरा कुणी आधी छापेल." संस्थेनंही फक्त निबंधच मागितला होता. माझी पीएच.डी. सरांच्या सहीवर अडलेली. निबंध नाकारला गेला, सर निवृत्त झाले, पीएच.डी. राहिलीच. वही माझ्या कपाटात. त्यानंतर मला कुणी अडवलं नव्हतं, रामलिंग. कुणीच नाही.

यंदा मे महिन्यात मुखेडच्या स्टँडवर तू तुझ्या पुनमला घेऊन भेटलास. पोरगी गुडघ्याला गुडघा घासत चालत होती. "वाढीचं हाय, जाईल," तू म्हणालास. मी तिला बिस्किटाचा पुडा घेऊन दिला आणि एस.टी.त बसलो.

ते वाढीचं नाही. नांदेडला हाडांच्या डॉक्टरांना दाखव, सोबतचा आकड्यांचा कागद दे. वाकलेलं हाड आपोआप सरळ होत नाही, हे मी विचारून घेतलंय. चौथ्या बोअरचं पाणी आजच बंद करा. शाळेमागच्या विहिरीचं तेव्हा चांगलं होतं. तेही पुन्हा तपासून घ्या. अठराही आकडे पाठवतोय. सगळ्या गावाला वाचून दाखव.

मोठी झाल्यावर पुनम विचारील, हे कुणाला ठाऊक होतं. तिला माझं नाव सांग.

मुज्तबा