जुन्या कम्प्युटरांची बाजू

तुमसर, मंगळवार, दिवेलागण

दोन्ही जुने कम्प्युटर भंगारात द्यायचे नाहीत. लिहूनच ठेवतो, नाहीतर उद्या सुनेनं बोलावलेला भंगारवाला दारात आला की तिच्यापुढे मी विरघळेन.

याच दोघांवर लोकांचे अर्ज टाईप करून मी दुकान उभं केलं. आता घरी आणून त्यांना वायफायचे डोंगल लावले. आठ दिवस झकास चालले, आणि परवापासून नेट गायब. आज मेकॅनिक आला. म्हणे, "काका, म्हातारे झाले हे. यायले आता नेट पकडत नाही." मग अंगणात जाऊन फोनवर हळूच, "दोन नवीन काढून ठेव, काका घेऊन राहिले." हळूच! माझे कान अजून म्हातारे झाले नाहीत.

पण परवापासूनच काहून? परवा काय झालं? करडी गावच्या शेतातून नवीन धान आलं आणि आम्ही टिनाची मोठी कोठी मधल्या खोलीत उभी करून भरली. राउटर कोठीच्या या बाजूला, कम्प्युटर त्या बाजूला, मधात टिन! नेट पार होईल कसं?

सुनेला म्हटलं, "राउटर उचल, कोठीच्या डोक्यावर ठेव."

"त्यानं काय होते जी, बाबा?"

"ठेवून तर पाह्य."

ठेवला. दोन्हीवर नेट आलं.

मेकॅनिकला लगेच फोन केला, "बेटा, ते नवीन दोन तुह्याच घरी लाव."

उद्या भंगारवाल्याला चहा पाजीन, आणि रिकाम्या हातानं पाठवीन.