मोठ्या मॅचला शिवराज बरा की सिदू

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, गुरुवार

मैंदर्गी मुक्कामी दाजींना धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे तिप्पण्णाचा, बसल्या जागेवरून नमस्कार (वाकायला गुडघा देत नाही, तेवढं गोड मानून घ्या). तुमची साखर कुठवर आली? ताईचा खोकला गेला का? तुरीला फुलं लागली असतील. इकडे आम्ही सगळे ठीक, मला सोडून. मला कुठे दुखत नाही, फक्त दमलोय. सत्तावीस वर्षं कॉलेजात पोरांना पळवतोय, आता स्वतः जिना चढताना मध्ये थांबतो आणि नोटीस बोर्ड वाचल्यासारखं करतो.

परवा फोनवर तुम्ही हुकूम सोडलात, "तिप्पण्णा, तोंडी न्हाय, लिहून दे. आमचा शिवराज बरा का तो सांगोल्याचा सिदू, मोठ्या मॅचला कोन चालतंय, मास्तर म्हणून सही करून दे. हॉटेलात वाचून दाखवायचं हाय." मी म्हटलं, दाजी, शिवराज तुमचा मुलगा, माझा भाचा, घरातलं पोर आहे, माझ्या सहीला कोण विचारतो. तुम्ही फोन ठेवून दिलात. (तुम्ही फोनवर ऐकत नाही, नुसतं बोलता. तीस वर्षं बघतोय.) म्हणून हे पत्र. पुढचं तुमच्या हॉटेलातल्या मंडळींसाठी.

मंडळी, कबड्डीत चढाई म्हणजे एकट्यानं समोरच्या सात जणांत शिरायचं, कुणाला तरी शिवायचं आणि दम न सोडता परत यायचं. शिवराज आणि सिदू, दोघंही आमच्या कॉलेजचे चढाईवाले. रविवारी कॉलेजांच्या स्पर्धेची फायनल आहे, विद्यापीठाची निवड समिती बघायला येणार, आणि विद्यापीठाच्या संघात चढाईवाल्याची एकच जागा शिल्लक आहे. म्हणजे दोघांतला एकच जाणार. सगळ्या मॅचेस माझ्या वहीत टिपलेल्या आहेत, त्यातूनच लिहितो.

साध्या मॅचला शिवराज म्हणजे शिवराज. मंगळवारी चौदा गुण, त्याच्या आधी बारा, त्याच्या आधी परत चौदा. सिदू साध्या मॅचला झोपेत असल्यासारखा खेळतो. जातो, समोरच्यांकडे बघतो, मेंढरं मोजून झाल्यागत परत येतो. (घरी खरोखरच मेंढरं आहेत, शंभरेक.) एकदा मी विचारलं, बाबा रे, कुणाला हात तरी का लावत नाहीस? तर म्हणाला, "सर, आपन जिंकतोयच की."

आता मोठ्या मॅचेस. कुंभारीच्या सेमीफायनलला दाजी टेम्पो भरून माणसं आणि दोन हलग्या घेऊन आले. हलगीच्या आवाजात पंचाची शिट्टी ऐकू येईना, म्हणून पंच हातवारे करत होता, आणि दाजींच्या टेम्पोतली माणसं त्याला हात हलवून उत्तर देत होती. शिवराज तिसऱ्या चढाईला निघाला तेव्हा दाजींना समोरच्यांचा उजवा कोपरा कच्चा दिसला. (कच्चा होता, नजर बरोबर होती.) तो कुणाला कळू नये म्हणून दाजींनी कानडीत ओरडून सांगितलं. समोरचा संघ अक्कलकोट भागातला. सातही पोरं घरी कानडीच बोलणारी. त्यांनी ऐकलं, उजव्या कोपऱ्यात दोघं वाढवले आणि शिवराज तिथे पोचायच्या आतच त्याला उचलला. शिवराज दोन गुण, सिदू नऊ.

होटगीच्या फायनलला दाजींनी हलग्या आणल्या नाहीत (माझ्या विनंतीवरून, आभारी आहे). नारळ आणला. मैदानाची पूजा करायची आपली पद्धत आहे, मी नाही म्हणत नाही, पण नारळ कडेला फोडतात. दाजींनी बरोबर मधल्या रेषेवर फोडला, म्हणजे पोराला जाता-येता देव दिसावा. पाणी तिथेच मुरलं, मातीचा चिखल झाला, आणि चौथ्या मिनिटाला एक जण त्यावरून घसरून थेट रेषेबाहेर गेला. तो शिवराज. त्यानंतर तो जपून पावलं टाकायला लागला, आणि जपून पावलं टाकून कबड्डी होत नाही. शिवराज एक गुण, सिदू अकरा. सत्काराचे फेटे दाजींनी आधीच आणले होते, ते परत टेम्पोत गेले.

एवढ्यावर हॉटेलातली मंडळी म्हणतील, मग सिदूच बरा. थांबा. मोहोळच्या मॅचला सिदूची आई, बनाबाई, पहिल्यांदा बघायला आली. बाई आयुष्यात कबड्डी बघितलेली नाही. सिदूला तिघांनी कंबरेत धरून पाडलं तशी ती दोरी ओलांडून आत आली, एका पोराचा कान धरला आणि पंचाला विचारलं, "एकाला सात जन धरत्यात आन तुमी नुसतं बगताय व्हय?" तिला खुर्ची दिली, चहा दिला. त्यापुढे सिदूचं अर्धं लक्ष खुर्चीकडे. गुण दोन. आणि त्याच मोहोळला, तशाच मोठ्या मॅचला, शिवराजनं तेरा गुण घेतले. त्या दिवशी दाजींच्या भावकीत लग्न होतं.

तात्पर्य, दोन्ही पोरं गुणी आहेत, आपापल्या दिवशी दोघंही भारी आहेत, आणि निर्णय मैदानावर होईल. ताईला नमस्कार.

तुमचा मेहुणा,
तिप्पण्णा (सही केली आहे)

ता. क. १ : दाजी, इथून पुढचा कागद वेगळा काढून खिशात घाला आणि घरी जाऊन एकट्यानं वाचा. हॉटेलात नको.

काल सराव झाल्यावर शिवराज माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, "मामा, रविवारी मला बसवा. पाय मुरगळलाय म्हणून सांगा." मी विचारलं, कुठला पाय? म्हणाला, "कुठला पन सांगा." बराच वेळ बुटाच्या नाड्या सोडत-बांधत बसला. मग म्हणाला, "अप्पांनी टेम्पो ठरवलाय. मला त्यांची लाज वाटत न्हाय मामा. मी बाद झालो की त्यांचं तोंड उतरतंय, ते बघवत न्हाय." विद्यापीठाच्या संघासाठी हे पोर दोन वर्षं पहाटे उठतंय, आणि आता ती जागा सोडायला निघालंय.

तेव्हा सरळ मागतो. रविवारी येऊ नका. एवढ्यासाठीच हे पत्र लिहिलं, वरचं सगळं हॉटेलासाठी होतं. बनाबाईंनाही तसाच निरोप दिलाय, म्हणजे रविवारी दोघांपैकी कुणाचंच कुणी नसेल. एका डावात शिवराजला आधी उतरवीन, दुसऱ्यात सिदूला. भाचा म्हणून झुकतं माप देणार नाही. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्या दिवशी मिळेल, आणि ते बघायला तुम्ही नसाल. याला माझा इलाज नाही.

ता. क. २ : ताईला सगळं ठाऊक आहे. रविवारी सकाळी तिच्या पोटात दुखणार आहे. दुखलं की खरं माना आणि घरी थांबा. (हे तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं. लिहून गेलं. खोडलं तर तुम्ही उन्हात धरून वाचाल.)

ता. क. ३ : माझा राग आला असेल तर हेही वाचा. मी खेळत होतो तेव्हा आमचे बाबा, तुमचे सासरे, रेल्वेची ड्यूटी संपवून होटगीहून सायकलवर माझ्या प्रत्येक मॅचला यायचे. लिंबाला सायकल टेकवून उभे राहायचे, एक शब्द बोलायचे नाहीत, तरी ते दिसले की माझं पाऊल चुकायचं. एक दिवस मी म्हणालो, बाबा, तुम्ही येऊ नका. ते बरं म्हणाले. पुढच्या मॅचला मी सोळा गुण घेतले, आणि प्रत्येक गुणाला त्या लिंबाकडे बघितलं. परत या म्हणायला मी दोन वर्षं लावली. तोवर त्यांना सवय झाली होती. "तूच म्हनालास की," म्हणायचे, रागानं नाही, हसून. शेवटपर्यंत आले नाहीत. येऊ नका म्हटल्याचं मला वाईट वाटत नाही दाजी, त्या दोन वर्षांचं वाटतं.

शिवराजला मी सांगून ठेवलंय, मैदानात पाय स्थिरावले की अप्पांना तूच फोन करायचा, उशीर लावायचा नाही. तो फोन येईल. त्या दिवशी 'तुझ्या मामानंच नको म्हटलं होतं' असं म्हणून बसून राहू नका. उठा आणि या. टेम्पो आणा, माणसं आणा, हलगी आणली तरी चालेल, पंचाला मी सांभाळून घेतो.

नारळ मात्र घरीच फोडून या.