चिमीच्या घरात लांब्या

सोम. ३ फेब्रु.
आणि वर मलाच बोलतात, उपाशी ठेवते म्हणून. शेजारची कमळ कुंपणावरून ओरडून गेली, "अगं रत्ना, बरगड्या दिसतात त्याच्या, घाल की कायतरी!" टोपभर भात आणि बांगड्यांची डोकी गिळून बसलाय मेला. जातच तशी हाय, पळणाऱ्या कुत्र्यांची. अंगावर मांस धरत नाय. किती जणांना सांगू?
लेकीने हा लांब्या आणून टाकला आणि गेली पालघरला कामावर. म्हणे आई, शर्यतीतला हाय, पाय दुखावला तर मालकांनी बोईसरला बंद गाळ्यामागं बांधून सोडला. कुत्रे सोडवणाऱ्या मॅडम चांगलं घर बघतायत. आमचं चांगलं घर! मांजर, कोंबड्या, नवरा. आधीच कोण कमी हाय?

मंगळ. ४
तोंडाला जाळी घालूनच घरात घ्यायचा, मॅडमचा हुकूम. चिमी मांजर हलली की हा दगडासारखा उभा, डोळे नुसते तिच्यावर. ती पळाली तर संपलं. मी काठी घेऊन मधे. दोन भाकऱ्या करपल्या. त्यात लादीवर पाय ठेवायला घाबरतो, चार पाय चारी दिशांना. पोती अंथरली. नोकरच हाय मी त्याची.

शनि. ८
चिमीने फटका दिला, जाळीवरच. एवढा लांब्या, मागं सरला. शाबास बाई.

गुरु. १३
धाकटा दीर आला, सुभाष. "वैनी, वाडीत सोड याला. ससा आणून देईल, मटण खाशील." म्हटलं, तुझंच करीन. हसतो दात काढून.
सं. – लांब्या पोत्यावर, चिमी त्याच्या पोटाशी. जाळी काढलेली. कोंबड्या झाकायला गेले.
मॅडमना फोन. पुढच्या आठवड्यात रविवारी येणार, सगळं ठीक असलं तर कायमचा इथंच.

मंगळ. १८
बोईसरला चिकू विकून आले तर कुत्रा ओट्यावर आडवा. जीभ बाहेर, तळव्यांची साल निघालेली, आत वाळू. सुभाष खुशीत.
"वैनी, काय पळतो गं! समुद्रावर नेलेला, ओहोटी होती. बाइकला मागं कोंबडी बांधली. पैज जिंकलो."
"जिवंत?"
"मग! मेलेलीच्या मागं कोण पळतं? शेवटी दिली त्याला. कमावली ना त्याने."
हळद लावली तळव्यांना. इतके दिवस शिकवते, पळणाऱ्याच्या मागं जायचं नाय. या शहाण्याने एका दुपारी सगळं पाण्यात घातलं.

बुध. १९
लांब्याने चिमीला धरलं. पडवीत, माझ्यासमोर. ती पळाली आणि...
मी अंगावरच पडले त्याच्या. सोडली त्याने. चिमीच्या मांडीला टाके पडले. आता माळ्यावर बसलीय, दूधपण घेत नाय. लांब्या कोपऱ्यात, परत जाळी. माझ्याकडे बघत नाय.
लेकीने मॅडमना कळवलं. रविवारी पिंजरा घेऊन येतायत. मांजर धरणाऱ्याला परत कुठलं घर मिळत नाय म्हणे, जन्मभर मॅडमकडंच कोंडून. मी फोनवर सगळं सांगितलं, समुद्र, कोंबडी. मॅडम म्हणाल्या, "काकी, कुत्रा ठेवायचा असला की लोक काहीपण सांगतात. ज्यांनी नेला त्यांना बोलू दे माझ्यासमोर. मग बघू, परत वेळ देऊ."
सरळ बाई हाय. राग आला तरी.

गुरु. २०
सुभाष म्हणतो, "मी? मी तर नुसता फिरवला. जंगली जनावर ते, मी आधीच बोललो होतो." कधी बोललास रे? मटण बोललास.
जेवताना हे म्हणतात, "कुत्र्यापायी माझ्या भावाला बाहेरच्या बाईसमोर उभा करणार?"
म्हटलं, हो. कुत्र्याला बोलता येत नाय, भावाला येतं.
ताट सरकवून उठले. उठा.

शुक्र. २१
चिमी खाली आली, भांडंभर दूध प्याली, परत वर. लांब्या शेपूटपण हलवेना.
सुभाषला विहिरीवर गाठला. पळायला बघत होता, बादलीच धरली त्याची.
"पैज जिंकलास तेव्हा तोंड होतं ना? रविवारी मॅडम येतील तेव्हा याच ओट्यावर बसून बोलायचं, कोंबडी बांधली ती पण. बोलणार की नाय?"
"वैनी, लोक हसतील मला."
"हसू देत. उद्या शनिवार. दिवा लागायच्या आत मला जबाब पायजे. हो की नाय, एवढंच."